मामांची सात नंबरची काठी: दुरुस्त करायची की जुनी स्वस्तातली घ्यायची

नाशिकमध्ये "गोल्फ क्लब" म्हणलं की निम्म्या लोकांना जॉगिंग ट्रॅक आठवतो आणि उरलेल्यांना रणजीच्या मॅचेस, कारण अनंत कान्हेरे मैदानाला आम्ही सगळे अजून गोल्फ क्लबच म्हणतो. इंग्रजांच्या काळात तिथं गोल्फ चालायचं, आता नाव तेवढं उरलंय. तर आधीच सांगून टाकतो, इथं क्लब म्हणजे काठी, ज्यानं बॉल मारतात ती.

काठी माझी नाही, मामांची. मामा ७१ वर्षांचे, आर्टिलरीतून रिटायर होऊन देवळालीत स्थायिक झालेत, आठवड्यातून दोनदा सकाळी आर्मीच्या कोर्सवर जातात. सेट जपानी, फोर्ज्ड ब्लेड (म्हणजे पोलाद ठोकून घडवलेलं, मागून सपाट, पातळ हेड), तीन नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (नऊ नंबरच्या पुढची, जवळच्या शॉटची काठी) आठ आयर्न, आयर्न म्हणजे लोखंडी हेडची काठी, नंबर वाढेल तसा बॉल कमी लांब जातो. १९९४ साली महूला पोस्टिंग असताना एका रिटायर होणाऱ्या सिनियरकडून घेतलेला, म्हणजे मामांकडे आला तेव्हाच तो सेकंडहँड होता. हे मुद्दाम सांगतोय कारण पुढं "जुनी वापरलेली काठी कशाला घ्यायची" असं मामाच म्हणणार आहेत.

डिसेंबरमध्ये सात नंबरच्या आयर्नमधून शॉटच्या वेळी कट् असा आवाज यायला लागला. मामांनी महिनाभर तिकडं लक्षच दिलं नाही, मग कोणीतरी सांगितलं म्हणून होझलच्या फटीत (होझल म्हणजे हेडची ती नळी जिच्यात दांडा जातो) झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे चार थेंब टाकले आणि झालं काम म्हणून परत खेळायला गेले. तिसऱ्या की चौथ्या शॉटला हेड दांड्यातून सुटलं आणि बॉलच्या पुढं गेलं. बॉल दहा पावलं, हेड चाळीस. समोर कोणी नव्हतं म्हणून ही आज गंमत वाटतेय. पाव किलोच्या वर लोखंड त्या वेगानं कोणाच्या डोक्यात गेलं असतं तर आपण वेगळ्याच प्रकरणाबद्दल बोलत असतो, त्यामुळं एवढं तरी लक्षात ठेवा की काठी वाजायला लागली की त्याच दिवशी बॅगेतून बाहेर काढायची. आणि तो झटपट गोंद झटक्याला काचेसारखा तडकतो, तो चपलेच्या पट्ट्याला ठीक आहे.

मामांचा फोन आला. "अरे, तू मेकॅनिकल ना, हे बघ जरा काय करायचं ते." मी मेकॅनिकल होतो, आता दिवसभर एक्सेल बघतो, पण मामांना ते कोण सांगणार.

मला वाटलं सोपंय, जुना गोंद खरवडायचा, चांगलं एपॉक्सी लावायचं, दोनशे रुपयांत विषय संपला. तरी पुण्यातल्या एका गोल्फच्या दुकानात फोन केला. तो म्हणाला नवा स्टील शाफ्ट म्हणजे दांडा, फेरूल (हेड आणि दांड्याच्या सांध्यावरची रिंग), ग्रिप (हातात धरायचं रबर) आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये, शाफ्ट मागवावा लागेल त्यामुळं तीन आठवडे, काठी इकडं आणून द्या. इथपर्यंत ठीक होतं, पण मग तो म्हणाला, सर एवढ्या जुन्या ब्लेडवर कशाला खर्च करताय, सेट बदला, आमच्याकडं वापरलेला हाफ सेट ११,००० ला आहे. फोन स्पीकरवर होता. मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. "मला बदला म्हणतोय की सेटला?"

त्याच रात्री ऑनलाइन शोधताना एक सुटं सेव्हन आयर्न म्हणजे सात नंबर दिसलं, कॅव्हिटी बॅक (हेड मागून खोलगट, सोप्या खेळासाठीचं), नावाजलेल्या कंपनीचं, सात-आठ वर्षं जुनं, १,८०० रुपये आणि २५० कुरियर. आता बघा मनात हिशोब कसा होतो, दुरुस्ती ४,२०० आणि अख्खी दुसरी काठी २,०५०, यात विचार करण्यासारखं आहेच काय? मामा कुरकुरले, वापरलेली वगैरे, पण आकडा ऐकून तेही हो म्हणाले. मी घेतली. चूक झाली ती इथं, आणि ही चूक मी एकटाच करतो असं मला वाटत नाही.

काठी आली, दिसायला छान. फोटोवरून एक भीती होती की डुप्लिकेट निघेल, कारण नावाजलेल्या ब्रँडच्या नकली काठ्या बऱ्याच फिरतात, पण ही अस्सल वाटली, सिरियल नंबर नीट कोरलेला, रंग भरलेली अक्षरं सरळ. ग्रिप मात्र मेलेली. हात लावला की काळी पावडर लागत होती आणि रबर प्लास्टिकसारखं कडक. म्हणजे १,८०० च्या काठीला पहिल्याच दिवशी ६५० ची ग्रिप लागणार. जाहिरातीत ग्रिपचा फोटोच नव्हता, तो मागायचा असतो हे मला आता कळलंय.

खरी गंमत सरावाच्या रेंजवर झाली. मामांचं जुनं सात नंबर साधारण १२५ यार्ड जातं, सहा नंबर १३६, आठ नंबर ११४. अशी सरळ शिडी आहे, तीस वर्षांची सवय आहे, मामा झाडाकडं बघून नंबर काढतात. ही नवी-जुनी सात नंबर गेली १४०, तीही कमी उंचीवरून. मामा आधी खुश झाले, पंधरा यार्ड वाढले म्हणून, मग दहा मिनिटांनी गप्प. कारण आता १३६ ला एक काठी आणि १४० ला एक काठी, आणि त्यानंतर थेट ११४. मधला १२५ चा जो शॉट त्यांना त्या कोर्सवर सगळ्यात जास्त लागतो त्याला बॅगेत काठीच नाही.

याचं कारण लॉफ्ट, म्हणजे हेडच्या तोंडाचा कल. पूर्वीच्या सात नंबरला तो साधारण ३४ ते ३६ डिग्री असायचा, आताच्या सोप्या खेळाच्या आयर्नमध्ये २८ ते ३०. खाली कोरलेला आकडा तोच, काठी वेगळीच. दोन नंबरांत चारेक डिग्रीचं अंतर धरलं तर आजची सात नंबर म्हणजे मामांच्या हिशोबानं सहाच्याही वरची. कंपन्यांचंही अगदीच चुकतं असं नाही, आताच्या हेडमध्ये वजन खाली आणि कडेला नेलेलं असतं त्यामुळं कमी लॉफ्टवरही बॉल उचलला जातो, पण सगळा सेट तसाच असेल तर ते जमतं. आठातली एक काढून तिथं दुसऱ्या घराण्यातली बसवली की सासुरवास सुरू. मऊ स्टीलचं फोर्ज्ड हेड असतं तर एक-दोन डिग्री वाकवूनही घेता येतं, हे कास्ट म्हणजे ओतीव होतं आणि पाहिजे होते पाच, तो विषय तिथंच संपला.

इथं थोडं विषय सोडून. मामांच्या ग्रुपमधले एकजण म्हणाले एवढ्या जुन्या काठ्या आता नियमात बसत नाहीत म्हणे. असं सरसकट नाहीये. २०१० मध्ये हेडच्या तोंडावरच्या खोबणींचा म्हणजे ग्रूव्हजचा नवा नियम प्रोजना म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना लागू झाला, आणि त्याच जानेवारीत अमेरिकेत टोरी पाइन्सच्या स्पर्धेत फिल मिकलसननं पिंग कंपनीच्या आय टू मॉडेलचा जुनाट वेज बॅगेत घातला. १ एप्रिल १९९० च्या आधी बनलेल्या त्या काठ्यांना जुन्या कोर्ट-कज्ज्यातल्या तडजोडीमुळं सूट होती, त्यामुळं तो नियमातच होता, आरडाओरडा व्हायचा तेवढा झालाच. वीस वर्षांची जुनी काठी जगातल्या दोन-तीन नंबरच्या खेळाडूच्या बॅगेत. मी ही गोष्ट मामांना सांगितली ती चूक, आता ते ती प्रत्येकाला सांगतात.

तर परत दुरुस्तीकडं. सातपूर एमआयडीसीत ओळखीचे एक टूलरूमवाले आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात, डाय-मोल्डचं काम करतात, गोल्फ त्यांनी टीव्हीवरही धड बघितलेलं नाही. रविवारी मोडकी काठी घेऊन गेलो. मी म्हणलं अण्णा, फक्त चिकटवायचंय. अण्णांनी दांड्याचं टोक उजेडात धरलं, चिंधीनं पुसलं, मग स्क्रायबर (रेघा ओढायची टोकदार पोलादी सळई) घेतला आणि टोकापासून इंचभर वर, जिथं ती काळी प्लास्टिकची रिंग म्हणजे फेरूल बसते बरोबर तिथं, हलकेच दाबला. स्क्रायबर आत गेला. कागदात जावा तसा. दांडा पोकळ असतो, फेरूलखाली पाणी साठून साठून तिथं आतबाहेरून गंज धरला होता, वर क्रोम चकचकीत आणि खाली पापुद्रा. "हे चिकटवून दिलं असतं ना, तर आता हेड नाही, अर्धी काठी उडाली असती," अण्णा म्हणाले, आणि चहा सांगितला.

म्हणजे माझा दोनशे रुपयांचा प्लॅन गेला. गंजका इंचभर भाग कापून टाकून उरलेला दांडा घालावा का, असं मी विचारलं. जमत नाही, कारण मामांच्या सेटचा दांडा टेपर टिपचा, म्हणजे टोकाकडं निमुळता होत जाणारा, आणि होझलही आतून तसाच. इंच कापला की टोक जाड होतं, आत जात नाही, घासून बारीक करावा तर नळीची भिंत पातळ होते, शिवाय काठी आखूड.

मग अण्णांचं लक्ष माझ्या हातातल्या दुसऱ्या काठीकडं गेलं, ती मी परत कशी विकायची या विचारात नुसती गाडीत टाकून फिरत होतो. "याचा दांडा चांगलाय की." व्हर्नियर लावला. मामांच्या दांड्याचं टोक ९.०२ मिलिमीटर, याचं ९.४०. गोल्फमध्ये आयर्नच्या शाफ्टची ही दोन मापं जास्त चालतात, ०.३५५ इंच टेपर आणि ०.३७० इंच पॅरलल, आणि फरक उणापुरा ०.३८ मिलिमीटर. डोळ्याला दिसतही नाही पण शाफ्ट आत जाणार नाही. जुने दांडे काढून दुसऱ्या हेडला लावायचे असतील तर हे माप आधी घ्या, मी नशिबानं वाचलो कारण उलटं असतं, म्हणजे होझल मोठं आणि दांडा बारीक, तर नुसती गोंदाची भर घालून ते टिकवणं काही खरं नाही. इथं होझल मोठं करता येत होतं.

पुढचं काम बघायला मजा आली. आधी दाता काठी उघडली (हा शब्द मामांचा, रक्तदाता असतो तशी). होझलवर हीटगन धरली, मिनिट-दोन मिनिटांत आतलं एपॉक्सी मऊ पडलं, वास आला जळक्या नखासारखा, आणि हेड कापडात धरून फिरवत ओढलं की निघालं. स्टीलच्या दांड्याला हे चालतं, ग्रॅफाइटला पिळायचं नाही आणि इतकं तापवायचंही नाही, त्याचे थर सुटतात. मग मामांचं हेड. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत धरून ड्रिल प्रेसवर बसवलं, आणि नुसतं बसवायला अण्णांनी चाळीस मिनिटं घालवली, जुना दांडा होझलमध्ये घालून तो चारही बाजूंनी स्पिंडलशी सरळ आहे का ते डायलनं बघत. भोक जराही तिरकं गेलं तर हेड जमिनीवर तिरकं बसणार, बॉल आयुष्यभर डावीकडं नाहीतर उजवीकडं. ९.५ चं ड्रिल, कमी स्पीड, थोडं थोडं करत. आतून गोंदाचा भुगा आला, पिवळट, चिक्कीच्या चुऱ्यासारखा, आणि मग स्वच्छ चांदीसारखा रंग. दांड्याच्या टोकावरचं क्रोम तीस मिलिमीटरपर्यंत पॉलिश पेपरनं पूर्ण घालवलं, कारण क्रोमवर एपॉक्सी पकड घेत नाही, ते खरखरीत पोलादच लागतं.

फेरूल नाशिकमध्ये कुठं शोधणार, अण्णांनी काळ्या नायलॉनच्या रॉडमधून लेथवर दहा मिनिटांत करून दिलं, ओरिजिनलपेक्षा बरं दिसतंय.

चिकटवायला साधं दोन ट्यूबवालं २४ तासांचं अॅरल्डाइट. पाच मिनिटांचं नाही. गोल्फसाठी खास एपॉक्सी मिळतं, ते झटका खायला थोडं लवचीक असतं, शक्य असेल तर तेच घ्या, आमच्याकडं नव्हतं. जानेवारीची थंडी होती, आणि थंडीत एपॉक्सी रेंगाळतं, म्हणून काठी दोन दिवस अण्णांच्या ऑफिसात साठ वॅटच्या बल्बजवळ उभी करून ठेवली. तिथं येणारा प्रत्येक माणूस विचारून गेला की हे काय आहे म्हणून.

लांबी आणि वजन कसं जुळवायचं हा प्रश्न मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपा निघाला, कारण उत्तर बॅगेतच होतं. सहा आणि आठ नंबर दोन्ही शाबूत आहेत, सात त्यांच्या बरोबर मध्ये आली पाहिजे. सहा ३७.५ इंच, आठ ३६.५, म्हणजे सात ३७. दांडा वरच्या बाजूनं पाइप कटरनं जवळजवळ सेंटीमीटरभर कापला. मामीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर सहा भरली ४३४ ग्रॅम, आठ ४४४, आणि आमची नवी सात ग्रिप लावून ४४१. दोन ग्रॅम जास्त. मामांच्या हाताला कळतात की नाही माहीत नाही, ते म्हणाले कळतात.

ग्रिप मी घरीच लावली. जुनी कटरनं उभी चिरून काढायची, खालची टेप खरवडायची, नवीन दुहेरी चिकटपट्टी, ग्रिपच्या आत थिनर ओतून बोटानं भोक बंद करून हलवायचं, तेच थिनर टेपवर ओतायचं, आणि न थांबता एका दमात खाली ढकलायची. मी मध्येच थांबलो. अर्ध्यात अडकली, परत काढली, परत थिनर, गॅलरीत सगळीकडं वास, मामी दार लावून आत. दुसऱ्यांदा बसली. एवढं एक काम मात्र कोणीही घरी करावं, त्यासाठी कुठल्या दुकानात जायची गरज नाही.

आता पैशाचा हिशोब, जो करायला मला फार उत्साह नाहीये. काठी आणि कुरियर २,०५०, अण्णांनी घ्यायला नको म्हणत घेतले ३००, अॅरल्डाइट १९०, ग्रिप ६५०, टेप-थिनर ११०. बेरीज ३,३००. पुण्याच्या दुकानाचे ४,२००. म्हणजे वाचले ९००, आणि माझे दोन रविवार गेले. त्यातही मी काठीच्या ऐवजी पहिल्यापासून त्याच दुकानातून नुसता योग्य मापाचा टेपर शाफ्ट मागवला असता (नंतर विचारलं, १,४०० म्हणाला) तर होझल मोठं करायची कटकटही वाचली असती. पुण्याला एसटीनं जाऊन-येऊन दोन खेपा, एक द्यायला आणि एक आणायला, हे धरलं तर दुकानाचा आकडा अजून वर जातो, ते एक समाधान.

न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला हे सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिकडं चॅरिटीच्या जुन्या सामानाच्या दुकानात पिंपात काठ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात, चार-पाच डॉलरला एक, आणि दांडा बदलायची मजुरी काठीच्या कितीतरी पट. तिच्या ठिकाणी मी असतो तर दुरुस्तीचा विचारसुद्धा केला नसता, पिंपात हात घालून जुनी ब्लेड सात नंबर शोधली असती, लॉफ्ट जुळणारी. तिकडं वस्तू स्वस्त, माणसाचा तास महाग. सातपूरला बरोबर उलटं आहे, म्हणून परदेशातल्या लोकांचे सल्ले वाचून इथं निर्णय घेऊ नका. तीच म्हणाली येताना एक आणते, आणि मग दोघांच्या लक्षात आलं की ३७ इंचाची काठी नेहमीच्या सुटकेसमध्ये बसत नाही. जाताना बाकरवडी सगळ्या कोपऱ्यांत बसते, येताना ही एक काठी नाही.

मामांना आता उरलेल्या सातांनाही ग्रिपा लावायच्यात. आठाला मिळून झाल्या ५,२००, आणि ऑनलाइन याच जमान्यातला ब्लेडचा अख्खा सेट ६,००० ला पडून आहे. हे मी मामांना दाखवलं. ते म्हणाले, त्याच्या ग्रिपचा फोटो माग. मागितला. काळी पावडर. मग मी गप्प बसलो. सध्या महिन्याला दोन ग्रिपा असं ठरलंय, आणि त्या घेताना बाकीच्या सात काठ्यांच्या फेरूलखाली गंज आहे का ते अण्णांना दाखवून घेणार आहोत, कारण एकाच बॅगेत एकाच पावसात भिजलेल्या आठ काठ्यांपैकी एकच गंजेल असं कसं होईल. सहा नंबरची फेरूल थोडी वर सरकलेली मला दिसली होती. मामांना अजून सांगितलेलं नाही.

दुरुस्त काठी आता दोन महिने झाले खेळात आहे. १२४, १२६, कधी १२५. अण्णांनी होझल आणि फेरूलच्या सांध्यावर आडवी येईल अशी एक बारीक उभी रेघ ओढून घ्यायला सांगितली होती, मशीनच्या बोल्टवर ओढतात तशी, म्हणजे हेड जरा जरी फिरलं तर रेघ तुटलेली दिसते. मामांनी त्यासाठी मामीची लाल नेलपॉलिश वापरली. दर राउंडनंतर गाडीत बसायच्या आधी चष्मा वर करून ती रेघ बघतात. कॅव्हिटी बॅकचं रिकामं हेड मामीनं मागच्या दाराला अडवण म्हणून लावलंय, वाऱ्यानं दार आपटत नाही.